मधे डबा कुठला लावायचा? जुने कॉम्प्युटर आणि नवे पडदे

गेल्या वेळी या सदरात मी सहज एक ओळ लिहिली होती, माळ्यावर जुना कॉम्प्युटर पडला असेल तर भंगारवाल्याला द्यायच्या आधी एकदा मला विचारा. त्यावर बरीच पत्रं आली, आणि जवळपास सगळ्यांचं दुखणं एकच, मशीनला लाईट येतोय, बीप वाजतोय, पण दाखवायचं कशावर? जुना मॉनिटर गेला, आणि नव्या टीव्हीला लावलं की 'नो सिग्नल'. म्हणून यावेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय.

उत्तरांच्या आधी एक गोष्ट सांगतो, ती डोक्यात बसली की अर्धे प्रश्न तिथंच सुटतात. लहानपणी घरातला जुना डबा टीव्ही चालू केला की कानात एक बारीक शीळ घुसायची, आठवतंय का? आजोबांना ती ऐकूच यायची नाही पण आम्हा पोरांना शेजारच्या खोलीतनं सुद्धा कळायचं की टीव्ही लागलाय, आवाज बंद केला असला तरी. ती शीळ म्हणजे टीव्हीतला लाईन ट्रान्सफॉर्मर, ज्याला मेकॅनिक एलओटी म्हणतात, त्याची थरथर. आपल्याकडच्या पाल पद्धतीत एका चित्राच्या ६२५ ओळी आणि सेकंदाला २५ चित्रं, गुणून बघा, १५,६२५. म्हणजे पडद्यावर सेकंदाला १५,६२५ ओळी आखल्या जायच्या आणि तोच आकडा आपण कानानं ऐकत होतो. घरगुती जुने कॉम्प्युटर टीव्हीलाच लावायचे म्हणून बनवले होते, त्यामुळे तेही ह्याच चालीनं ओळी सोडतात. १९८७ साली व्हीजीए, म्हणजे कॉम्प्युटरवरून मॉनिटरला चित्र पाठवायची नवी पद्धत, आलं आणि हा आकडा दुप्पट झाला, साधारण ३१,५००. आजचा मॉनिटर बहुतेक वेळा ३० हजाराच्या खालचं काही घेतच नाही. तेव्हा पिन बसतीय की नाही हा प्रश्न दुसरा, पहिला प्रश्न मशीन सेकंदाला किती ओळी सोडतंय हा. तो आकडा कळल्याशिवाय एक रुपयाचा कन्व्हर्टर, म्हणजे जुनं मशीन आणि नवा पडदा यांच्या मधे लावायचा डबा, घेऊ नका.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षिका आहे. आमच्या शाळेत १९८० च्या दशकात सरकारी योजनेतून बीबीसी मायक्रो नावाचे कॉम्प्युटर आले होते, त्यातला एक शाळेनं भंगारात काढला तेव्हा मी मागून घेतला. नातवानं ऑनलाइन पाचशे-सहाशे रुपयांचा एव्ही टू एचडीएमआय डबा मागवला, चित्र आलं पण काळंपांढरं, आणि अक्षरं अशी थरथरतात की वाचवत नाहीत. मशीन बिघडलंय का? — एक वाचक, राजारामपुरी

बाई, मशीन बिघडलेलं नाहीये, आणि तुम्ही ते मागून घेतलंत त्याबद्दल खरंच हात जोडतो. ते १९८४ ला सुरू झालेल्या क्लास प्रकल्पातलं मशीन असणार, त्यातनं देशभरातल्या शाळांना बीबीसी मायक्रो दिले होते. त्यातले आता चालू स्थितीत किती दिसतात?

पण चित्राचं नंतर बघू, आधी एक काम. कृपा करून ते आत्ता बंद करा आणि प्लग काढून ठेवा. ह्या मशीनच्या पॉवर सप्लायमध्ये एक-दोन पिवळसर पारदर्शक कपॅसिटर असतात, आत सोनेरी थर दिसतो. चाळीस वर्षांत त्यांच्या कवचाला केसासारख्या भेगा पडतात, भेगांतनं दमट हवा आत जाते, आणि आपल्या कोल्हापूरचा पावसाळा तुम्हाला सांगायला नको. मग एक दिवस चालू मशीनमधून फट्ट आवाज येतो आणि खोलीभर धूर. माझ्या टेबलावर हे झालंय, दोन दिवस खिडक्या उघड्या ठेवून सुद्धा खिडक्यांच्या कापडी पडद्यांचा वास गेला नव्हता. एखाद्या चांगल्या टीव्ही मेकॅनिककडून ते बदलून घ्या, त्याला सांगायचं की २३० व्होल्टच्या लाईनवर चालणारा एक्स टू वर्गाचा कपॅसिटरच लाव, दुसरा कुठलाही नको. काम छोटं आहे.

आता काळंपांढरं का. मशीनच्या मागं चित्रासाठी तीन सॉकेट आहेत. एक अँटेनाच्या वायरचं, एक गोल फिरवून बसवायचं बीएनसी, आणि एक सहा पिनांचं गोल डिन. तुमच्या नातवानं बीएनसीतून घेतलेलं दिसतंय, आणि ते सॉकेट मुळातच काळंपांढरं देतं, कलर हवा असेल तर आत बोर्डावर एक लिंक जोडावी लागते. पण ती जोडू नका! कलर आला की अक्षरं अजून पुसट होतील.

थरथरीचं कारण मला फार आवडतं म्हणून जरा सविस्तर सांगतो. तुम्ही ८० अक्षरांच्या ओळीचा मोड लावला की मशीन एका ओळीत ६४० ठिपके टाकतं, ते सेकंदाला १ कोटी ६० लाख ठिपक्यांच्या वेगानं, म्हणजे अख्खी ओळ ४० मायक्रोसेकंदात संपते. तो स्वस्तातला डबा टीव्हीच्या कार्यक्रमासाठी बनवलेला असतो, तो सेकंदाला १ कोटी ३५ लाख वेळाच बघतो. ४० मायक्रोसेकंदात त्याला बघायला मिळतात फक्त ५४० जागा. ६४० ठिपके ५४० जागांत कोंबायचे म्हटल्यावर कुठला तरी ठिपका शेजाऱ्यात मिसळणारच, म्हणून एका 'एम'चा मधला दांडा जाड दिसतो आणि पुढच्या 'एम'चा गायबच होतो. टीव्ही मालिकेतल्या चेहऱ्यावर हे कळत नाही, अक्षरावर लगेच कळतं. डबा खराब नाहीये, तो ह्या कामाचा नाहीये.

तुमच्यासाठी खरा मार्ग त्या सहा पिनांच्या डिनमधून आहे. तिथं लाल, हिरवा, निळा वेगवेगळ्या वायरीवर येतात आणि सिंक, म्हणजे ओळ आणि चित्र कुठं सुरू होतं ते सांगणारी खूण, वेगळा, कुठं काही मिसळत नाही. त्याला 'आरजीबी टू एचडीएमआय' नावाचा एक खुला प्रोजेक्ट आहे, रास्पबेरी पाय झिरो हा छोटा कॉम्प्युटर आणि त्याच्यावर बसणारा एक लहान बोर्ड, आणि गंमत म्हणजे हा प्रोजेक्ट सुरवातीला बीबीसी मायक्रोसाठीच बनला. तो मशीनच्याच वेगानं एकेक ठिपका मोजून घेतो, ६४० म्हणजे ६४०. चित्र इतकं लख्ख येतं की जुन्या मॉनिटरवर सुद्धा आपण असं बघितलेलं नव्हतं. बोर्ड बाहेरून मागवावा लागेल किंवा सोल्डरिंग येणाऱ्या पोराकडून बनवून घ्यावा लागेल, पाचशेत होणार नाही, पण एकदाच करायचं काम आहे. नातवाला सांगा, टीव्हीच्या सेटिंगमध्ये चित्राचा आकार ४:३ कर, नाहीतर सगळी अक्षरं बसकी दिसतील.

प्रश्न: जुन्या पेंटियमवर डॉसचे गेम खेळायचेत, मागं निळं व्हीजीए आहे. एका बाजूला एचडीएमआय आणि दुसऱ्या बाजूला व्हीजीए अशी वायर आणली, टीव्हीवर काहीच येत नाही. दोन वायरी बदलून झाल्या. — एक विद्यार्थी, सागरमाळ

मित्रा, तिसरी आणू नकोस. तुझ्याकडची वायर बहुतेक उलट्या दिशेची आहे. एचडीएमआयकडून व्हीजीएकडे जाणारी वेगळी आणि व्हीजीएकडून एचडीएमआयकडे येणारी वेगळी, दिसायला जुळ्या बहिणी, पण आत चिप आहे आणि ती एकाच बाजूला काम करते. लॅपटॉप प्रोजेक्टरला लावायला मिळते ती पहिली, आणि दुकानात मागितली की बहुतेक तीच हातात देतात. तुला 'व्हीजीए इन, एचडीएमआय आऊट' लिहिलेला डबा पाहिजे, त्याला यूएसबीची पॉवर लागते आणि आवाजासाठी एक बारीक जॅक असतो, ह्या दोन खुणा बघून घे.

अजून एक, डॉस सेकंदाला ७० चित्रं पाठवतं आणि टीव्हीला सवय ६० ची, त्यामुळे स्क्रोल होणारे गेम अधूनमधून झटका मारतील. ते नको असेल तर डब्याचा नादच सोड आणि जुन्या कॉम्प्युटरच्या दुकानातून व्हीजीएवाला १५ इंची चौकोनी एलसीडी उचल, १०२४ बाय ७६८ चा. त्यातले बरेचसे ७० ला सरळ घेतात, आकारही ४:३ चा, वायर एक. दुकानातच लावून बघ आणि मग पैसे दे.

प्रश्न: उद्यमनगरात आमचं मशीन शॉप हाय. एक जुनं सीएनसी टर्निंग, म्हंजी कॉम्प्युटरवर चालणारं लेथ हाय, मशीन अजून लई भारी चालतंय, मायक्रॉनमध्ये जॉब देतंय, पण कंट्रोलचा ९ इंची पडदा पार अंधुक झालाय, पोरं बॅटरी मारून प्रोग्रॅम वाचाल्यात. कंपनीवाले नवा कंट्रोल घ्या म्हणत्यात, तो खर्च परवडत न्हाई. एलसीडी बसंल काय? — एक कारखानदार

बसंल दादा, आणि हे पत्र वाचून मला खरोखर बरं वाटलं, कारण आपल्या उद्यमनगरात, शिरोलीत, गोकुळ शिरगावात अशी किती मशीनं असतील ज्यांचं लोखंड, स्पिंडल, बॉलस्क्रू सगळं ठणठणीत आहे आणि केवळ पडदा गेला म्हणून ती विकायला निघतात. पडदा हा त्या मशीनचा सगळ्यात स्वस्त भाग आहे.

पण हात लावायच्या आधी दोन गोष्टी, आणि ह्या मनापासून सांगतोय. पहिली, त्या जुन्या पिक्चर ट्यूबमध्ये काही हजार व्होल्ट असतात आणि मशीन बंद करून सुद्धा ते ट्यूबमध्ये साठून राहतात, तेव्हा रबरी टोपीच्या आसपास शॉपमधल्या कुठल्याही पोरानं हात घालायचा नाही, टीव्हीचं काम केलेल्या जुन्या मेकॅनिकला बोलवा, त्याला ती डिस्चार्ज करायची सवय असते. दुसरी, तुमचे पॅरामीटर, म्हणजे मशीनच्या सेटिंगचे आकडे, आणि पार्ट प्रोग्रॅम ज्या मेमरीत आहेत ती एका बॅटरीवर जिवंत असते. मशीन बंद असताना ती बॅटरी काढली किंवा वायर हलली की सगळं पुसलं जातं, मग पडदा चकाचक आणि मशीन मुकं. आधी सगळे पॅरामीटर उतरवून घ्या, लागलं तर वहीत हातानं, आणि बॅटरी बदलायची असेल तर कंट्रोल चालू ठेवूनच बदला.

आता सिग्नल. पडद्याकडे जाणाऱ्या वायरी मोजा, आणि कंट्रोलच्या मेंटेनन्स मॅन्युअलमध्ये त्या सॉकेटचं पान शोधा. एकरंगी पडद्याला साधारण तीन कामाच्या वायरी असतात, व्हिडिओ, आडवा सिंक, उभा सिंक, बाकी ग्राउंड. ज्या मल्टिमीटरवर हर्ट्झ मोजायची सोय आहे तो आडव्या सिंकवर लावा. १५.७ हजारच्या आसपास आकडा आला किंवा २४ हजारच्या आसपास आला तर काम सोपं, 'जीबीएस ८२००' नावाचा एक हिरवा चिनी बोर्ड मिळतो तो हे दोन्ही घेतो आणि व्हीजीए काढून देतो. आकडा १८ हजारला आला तर ह्या बोर्डावर भरवसा ठेवू नका, तिथं वर बाईंना सांगितलेला रास्पबेरी पायवाला बोर्ड लागेल.

व्हिडिओची वायर तशीच बोर्डाला लावू नका. बोर्डाला ०.७ व्होल्टचा सिग्नल पाहिजे आणि अशा एकरंगी कंट्रोलचा सिग्नल बऱ्याचदा पाच व्होल्टच्या लॉजिकचा असतो. मधे ३३० ते ४७० ओहमचा एक रेझिस्टर टाका, बोर्डाच्या आत ७५ ओहम आहेत, दोघांत वाटणी होऊन साधारण तेवढाच व्होल्टेज उरतो. आणि ही वायर फक्त हिरव्याच्या पिनवर द्या. तिन्ही रंगांना एकदम जोडली तर पांढरं चित्र येईल असं वाटतं, पण तीन इनपुट समांतर जोडले की भार तिप्पट होतो आणि चित्र फिकट पडतं. हिरवं तर हिरवं, तुमच्या पोरांच्या डोळ्याला जुन्या पडद्याचीच सवय आहे. उजेड कमीजास्त करायला बोर्डावर तीन बारीक प्रीसेट आहेत, घड्याळाच्या स्क्रू ड्रायव्हरनं फिरतात.

बोर्ड उघडा टांगून ठेवू नका. तुमच्याकडं बिडाचं काम चालत असेल तर हवेत लोखंडाची काळी भुकटी असणार, कूलंटच्या वाफेबरोबर ती बोर्डावर बसली की महिनाभरात शॉर्ट. झाकणवाला पत्र्याचा डबा घ्या, केबल गॅसकेटमधून काढा. बोर्डाला पॉवर कंट्रोलच्या सप्लायमधून चोरू नका, वेगळा अ‍ॅडाप्टर द्या, आणि सिग्नलची वायर शील्डवाली आणि जेवढी आखूड जमेल तेवढी, ती स्पिंडल ड्राइव्हच्या केबलशेजारून नेली तर मोटर फिरली की पडद्यावर पाऊस पडेल. चित्र एखादा क्षण उशिरा उमटतं, प्रोग्रॅम वाचायला त्यानं काही फरक पडत नाही, पण हँडव्हील फिरवून टूल जॉबला टेकवताना ऑपरेटरला सांगून ठेवा की आकड्याबरोबर टूलकडंही नजर ठेव.

जुना पडदा फेकू नका, खोक्यात घालून ठेवा. दुसऱ्या कुणाला लागतो.

प्रश्न: काकांचा झेडएक्स स्पेक्ट्रम मिळालाय, टीव्हीच्या अँटेना सॉकेटला लावतात म्हणे, आमच्या स्मार्ट टीव्हीवर सर्चमध्ये सापडत नाही. सापडला तरी गेम खेळताना लॅग येईल का? — एक वाचक, रंकाळ्याजवळून

स्पेक्ट्रम १९८२ चा घरगुती कॉम्प्युटर, तो स्वतःच एक छोटं टीव्ही स्टेशन आहे, यूएचएफच्या ३६ नंबर चॅनेलवर प्रक्षेपण करतो. ऑटो सर्चला तो बऱ्याचदा सापडत नाही, टीव्हीत मॅन्युअल अ‍ॅनालॉग ट्यूनिंग असेल तर ५९१ मेगाहर्ट्झच्या आसपास हळूहळू सरकव. टीव्हीत अ‍ॅनालॉग ट्यूनरच नसेल तर शोधत बसू नकोस.

तेव्हा सोपा इलाज म्हणजे आतल्या पत्र्याच्या डबीला, म्हणजे मॉड्युलेटरला बाजूला करायचं. डबीकडे जो व्हिडिओ जातो तो आधीच साधा कॉम्पोझिट असतो, म्हणजे सगळं चित्र एकाच वायरीवर, तोच थेट बाहेरच्या सॉकेटवर आणला की पिवळ्या पिनला चालतो. दोन टाक्यांचं काम आहे, उलटं परत करता येतं, मूळ डबी काढून टाकायची गरज नाही. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा खालच्या कोपऱ्यात ती कॉपीराइटची ओळ उमटली आणि मी हातातला सोल्डरगन खाली ठेवायचंच विसरलो होतो.

आता लॅग, म्हणजे बटण दाबल्यावर चित्र उशिरा हलणं. येईल. स्पेक्ट्रम सेकंदाला ५० पूर्ण चित्रं देतो, ३१२ ओळींची. टीव्हीच्या पद्धतीत मात्र अर्धं चित्र आणि पुन्हा अर्धं चित्र असं येतं, सम ओळी वेगळ्या, विषम वेगळ्या. स्वस्त डब्याला वाटतं की हीसुद्धा अर्धीच चित्रं आहेत, म्हणून तो दोन-दोन एकत्र विणत बसतो, त्यात हलणाऱ्या गोष्टींना कंगव्यासारखे दाते येतात, लुकलुकणारी गोळी कधी दिसतच नाही, आणि थांबलेल्या प्रत्येक चित्रामागं २० मिलिसेकंद जातात. आधी टीव्हीचा गेम मोड लावून बघ, थोडा फरक पडतो. मनासारखं पाहिजे तर ओळी नुसत्या दुप्पट करून पुढं ढकलणारा डबा घ्यावा लागतो, चित्र साठवतच नाही म्हणून उशीरही जवळपास नाही. त्यात रेट्रोटिंक टू एक्स कॉम्पोझिट घेतो. ओएसएससी पण नावाजलेला आहे पण त्याला कॉम्पोझिट चालत नाही, तुझ्या उपयोगाचा नाही. आणि ५० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ५० चित्रं, तुझा टीव्ही घेतो का ते कुणाचा तरी डबा उसना आणून आधी बघ, कारण काही पडदे ५० ला सरळ नाही म्हणतात.

प्रश्न: मार्केट यार्डात आमची गुळाची अडत आहे. वडिलांनी १९९० च्या आसपास २८६ कॉम्प्युटर घेतला होता, त्यात शेतकऱ्यांची जुनी खाती आहेत. मॉनिटर एकरंगी, ९ पिनांचा, तो बंद पडला. खाती एकदा बघायची आहेत, वडिलांच्या हातची आहेत. कन्व्हर्टर कुठला घेऊ? — एक अडत व्यापारी

काका, कुठलाच घेऊ नका. तुमचं चित्र पाठवणारं कार्ड हर्क्युलस जातीचं, म्हणजे एकरंगी मॉनिटरचं, दिसतंय, ते सेकंदाला १८ हजाराच्या वर ओळी सोडतं, ना टीव्हीची चाल ना व्हीजीएची, त्यासाठी वरचा रास्पबेरी पायवाला बोर्ड शोधण्यात महिना जाईल. तुम्हाला पडदा नको, खाती पाहिजेत. तेव्हा ते कार्डच काढायचं आणि त्या जागी एक जुनं आयएसए व्हीजीए कार्ड बसवायचं, काळ्या स्लॉटमध्ये बसणारं. मग कुठलाही साधा व्हीजीए मॉनिटर चालतो. कार्ड बदललं की मशीनच्या सेटअपमध्ये डिस्प्लेसमोर मोनोक्रोम असेल ते बदलून व्हीजीए करायचं, काही बोर्डांवर त्यासाठी एक जंपरही असतो. आणि ९ पिनांची वायर कुठल्याही जुगाडानं व्हीजीए मॉनिटरला जोडायला जाऊ नका, त्या पिनांवर पाच व्होल्ट आहेत.

चालू करायच्या आधी झाकण उघडून मदरबोर्डवर निळी पिंपासारखी बॅटरी दिसते का बघा. दिसली आणि तिच्याभोवती हिरवंपांढरं साचलं असेल तर ती गळलीय, तिचं पाणी तांब्याच्या रेषा खातं, आधी ती कापून काढा आणि जागा व्हिनेगरच्या बोळ्यानं पुसून, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं धुऊन पूर्ण वाळू द्या. ती काढल्यावर मशीन हार्ड डिस्कचा टाइप विसरेल, म्हणून डिस्कवरच्या स्टिकरवरचे सिलिंडर, हेड, सेक्टरचे आकडे आत्ताच लिहून ठेवा, ते सेटअपमध्ये परत भरावे लागतील.

आणि चालू झालं की खाती वाचत बसू नका, आधी फ्लॉपीवर कॉपी काढा. एवढी जुनी डिस्क किती वेळ फिरेल सांगता येत नाही, त्यामुळे पहिल्या चालूतच खात्यांच्या फाइली बाहेर आल्या पाहिजेत. फ्लॉपी ड्राइव्ह अडलं तर ती डिस्क तशीच बंद करून माझ्याकडे घेऊन या, मशीनसकट. गुळाच्या पेटीत नका आणू फक्त, मुंग्या लागतात, फोम घालून आणा.